फ्रियर रोड ते पी. डिमेलो मार्ग



इतिहासावर बोलण्याचा अधिकार आमच्याकडे कोणत्याही पदवीने आलेला नाही. आमची शाळा म्हणजे गेटसभा आणि युनियनच्या कचेरीतले जुन्या कागदांचे कपाट. तेव्हा राज्याराज्यांचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो तर तो आगाऊपणा होईल. परंतु एक रस्ता आम्ही तीस वर्षे पायांखाली घातला आहे. त्याच्याविषयी चार शब्द बोलावयास हरकत नसावी.

तो रस्ता म्हणजे मुंबईचा पी. डिमेलो मार्ग. बोरीबंदर स्टेशनच्या पाठीमागून, डाव्या हाताला रेल्वे आणि उजव्या हाताला गोदीची भिंत ठेवून तो उत्तरेस कर्नाक बंदर, मस्जिद बंदर, वाडी बंदर असा जातो. मरीन ड्राइव्हही समुद्राकाठचाच, पण तेथे लोक समुद्र पाहावयास जातात. आमच्या रस्त्यावर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. मध्ये भिंत आहे, आणि त्या भिंतीला यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट अशी रंगांची नावे असलेले दरवाजे आहेत. या रस्त्याचा सारा इतिहास त्या दरवाजांशी घडला. आत कोणाला घ्यावयाचे, कोणत्या अटीवर घ्यावयाचे आणि त्याचे नाव कोठे लिहावयाचे, हाच तो प्रश्न.

प्रथम जमिनीविषयी. या रस्त्याची बरीचशी जमीन भर घालून समुद्राकडून घेतलेली आहे. दक्षिणेच्या टोकाला पूर्वी डोंगरीचा किल्ला होता. तेथे इंग्रजांनी १७६९ साली सेंट जॉर्ज किल्ला बांधला. १८६२ नंतर मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या तेव्हा तोही गेला. त्याच्या भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्ज इस्पितळाजवळ अजून उभा आहे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी तेथेच आहे. कोट पाडण्याच्या त्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तिकडचा कापूस बंद पडलेला, आणि विलायतच्या गिरण्यांना आपल्या कापसावाचून गत्यंतर उरलेले नव्हते. मुंबईत पैशाचा पूर आला. एल्फिन्स्टन कंपनीने किनाऱ्यावर भराव घातला, पुढे ती मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस डॉक १८८० साली, व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली खुली झाली. गोद्यांच्या पाठीशी जो रस्ता होता त्याला फ्रियरसाहेबांचे नाव मिळाले.

नावांची ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. फ्रियर गव्हर्नर, कर्नाक गव्हर्नर, क्लेअर गव्हर्नर, बॅलार्ड पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष. गोद्यांना तर राजघराण्यांतलीच नावे. या साऱ्या किनाऱ्यावर लोकांच्या तोंडून आलेले ठळक नाव एकच, भाऊचा धक्का. आपल्या कोकणातल्या कित्येक घरांची मुंबई त्या धक्क्यावर सुरू झाली. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघाली ती तेथूनच, आणि सहाशेंहून अधिक माणसे घेऊन बुडाली.

आता दरवाजापाशी येऊ. गोदीतले काम रोजाचे नव्हते. बोट लागली तर काम, नाही तर रिकामे हात. बोट लागली म्हणजे माणसे एकदम शेकड्यांनी हवीत आणि ती गेली म्हणजे एकही नको. मालकाच्या दृष्टीने यावर सोपा उपाय होता. माणसे कायम ठेवावयाचीच नाहीत. टोळीवाल्याला सांगावे, टोळीवाल्याने सकाळी दरवाजापाशी जमलेल्या गर्दीतून बोट दाखवून माणसे उचलावीत. ज्याच्यावर बोट पडले नाही तो माघारी. ज्याच्यावर पडले त्याने मजुरीतला वाटा टोळीवाल्याला द्यावा. हा माणूस वर्षानुवर्षे गोदीत राबे, परंतु तो कोणाचाच नोकर नसे. १९३१ साली रॉयल कमिशनने या पद्धतीवर बोट ठेवले होते, तरी ती चालूच राहिली.

याचा अर्थ काय होतो तो १४ एप्रिल १९४४ रोजी दिसला. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच्याजवळच कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या १२४ विटा. दुपारी कापसाने पेट घेतला. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. गोद्या, वखारी आणि आसपासची वस्ती पेटली. आग विझवताना अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ, आणि तो पाळलाच पाहिजे.

परंतु एकूण किती माणसे गेली? येथे पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी आठशेच्या घरातला आकडा देतो, कोणी तेराशेपर्यंत जातो. आम्हाला याचे आश्चर्य वाटत नाही. जवान हजेरीपटावर होते म्हणून ते ६६ होते हे कळले. विटा जहाजाच्या कागदांत नोंदलेल्या होत्या म्हणून त्या १२४ होत्या हे कळले, आणि गाळ उपसताना त्या पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या. सकाळी टोळीवाल्याने उचललेल्या माणसाचे नाव कोणत्या कागदावर होते? ज्याची नोंद नाही त्याला मोजणार कोण, आणि त्याच्या बायकोने भरपाई मागावी तरी कोणाकडे?

म्हणून आमच्या मते या रस्त्यावरची सर्वांत मोठी वास्तू दगडाची नाही. ती म्हणजे एक नोंदवही. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईची योजना आली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेले डॉक लेबर बोर्ड झाले. कामगाराची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळू लागले. हजर राहूनही काम नसेल तर हजेरीभत्ता आणि महिन्याला किमान दिवसांची हमी, या गोष्टी त्यातूनच आल्या. बोट लागो न लागो, माणूस गोदीचा ठरला.

कायदा कागदावर येणे वेगळे आणि दरवाजापाशी येणे वेगळे. तो दरवाजापाशी आणणाऱ्यांत प्लॅसिड डिमेलो हे नाव पहिले. हा मंगळूरकडचा माणूस मुंबईच्या गोदीत आला आणि गोदी कामगारांचा पुढारी झाला. जॉर्ज फर्नांडिस १९४९ साली मुंबईत आले ते त्यांच्याच तालमीत तयार झाले. १९५८ साली, चाळिशीही न गाठता, डिमेलो वारले. पुढे फ्रियर रोडला त्यांचे नाव दिले गेले. कर्नाक बंदरापाशी युनियनचे डिमेलो भवन याच रस्त्यावर आहे. गव्हर्नरांच्या रांगेत कामगारांचा एक पुढारी जाऊन बसला ही लहान गोष्ट नव्हे.

याच रस्त्याला लागून मस्जिद बंदरच्या वखारी. तेथल्या माथाड्यांत सातारा, पुणे जिल्ह्यांतली माणसे फार. गोदीतल्या मंडळाचाच विचार पुढे त्यांच्या कामी आला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. तेथेही मूळ मागणी तीच होती, पाठीवर ओझे आहे तर वहीत नाव असू द्या.

आता आजची स्थिती. १९८९ साली समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. माल पेट्यांत बंद झाला आणि पेटी यारी उचलते. नव्वदीच्या दशकात डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकल्या आहेत. म्हणजे भरावावर उभ्या राहिलेल्या रस्त्याने आपल्या गोद्यांवरही भराव पडलेला पाहिला. ऑरेंज गेटपासून २०१३ साली पूर्व मुक्तमार्ग सुरू झाला आणि मोटारी वरून निघून जाऊ लागल्या. १८६८ चा कर्नाक पूल २०२२ साली पाडला, आणि २०२५ च्या जुलैत नवा पूल ‘सिंदूर’ या नावाने खुला झाला.

यंत्रे आली म्हणून आम्ही रडत नाही. शंभर किलोचे पोते पाठीवर वाहणे हे काही माणसाचे भूषण नव्हे. आमचे दुःख वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी याच परिसरात एका कंत्राटी मजुराचा पाय लोखंडाखाली चेंगरला. कंत्राटदार म्हणाला, “हा आमचा माणूसच नव्हे.” हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. तीन आठवडे आम्ही पुरावा शोधत फिरलो. शेवटी तो मिळाला कोठे, तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या उधारीच्या वहीत. त्या मजुराच्या नावापुढे सलग चार महिन्यांच्या तारखा होत्या. त्या दाखवल्यावर तडजोड झाली. मिळावयास हवे होते त्याच्या निम्मेच मिळाले, पण काही तरी मिळाले.

बंधुभगिनींनो, ज्या रस्त्यावर नोंदवहीसाठी माणसे लढली, त्याच रस्त्यावर २१ व्या शतकात एका मजुराचा साक्षीदार चहावाल्याची वही व्हावी, याची आम्हाला लाज वाटते. डिमेलोंचे नाव पाटीवर आहे, ते राहील. परंतु पाटी ही त्यांची खरी आठवण नव्हे. आपण मुंबईस गेलात तर त्या भिंतीजवळून एकदा चालत जा. किल्ल्याचा तुकडा पाहा, दरवाजे पाहा. आणि आपल्या गावी परत आल्यावर आपल्या घराचे, सोसायटीचे, दुकानाचे काम करणाऱ्या माणसाचे नाव कोणत्या वहीत आहे, एवढे विचारून पाहा. त्या रस्त्याचा इतिहास आपल्या दारापर्यंत आलेला आपणांस दिसेल.