आभारांमागचा इतिहास : इंग्लंडचे खोकड-शिकार क्लब आणि शेतजमिनीचे मालक

१. प्रस्तावना

इंग्लंडमधील खोकड-शिकारीच्या क्लबांचा एक जुना रिवाज आहे. हंगाम संपला की क्लबच्या वतीने आभार मानले जातात. आधी मोठ्या जमीनदारांचे, मग शेतकऱ्यांचे, मग कुत्र्यांची पिल्ले सांभाळणाऱ्यांचे, कुंपणे दुरुस्त करणाऱ्यांचे आणि वर्गणीदारांचे. वरवर पाहता हा केवळ शिष्टाचार वाटतो. परंतु समाजात कोण कोणाचे आभार मानतो आणि कशासाठी मानतो, हे पाहिले तर सत्तेचे आणि मालकीचे संबंध उलगडतात. लाल कोट घालून घोड्यावर बसलेल्या उमरावाला खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाचे आभार का मानावे लागले, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

सुरुवातीला शब्दांचा एक खुलासा. मराठीत 'कोल्हा' हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी सैलपणे वापरला जातो. इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात त्याला येथे 'खोकड' म्हटले आहे आणि जॅकलला 'कोल्हा'. हा भेद पुढे निलगिरीच्या चर्चेत उपयोगी पडेल.

२. खोकड शिकारीचे जनावर कसे झाले?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मानाची शिकार हरणाची होती. खोकड म्हणजे कोंबड्या आणि कोकरे पळवणारे उपद्रवी जनावर. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात हरणांची राखीव राने मोठ्या प्रमाणावर उजाड झाली आणि शिकारीच्या शौकिनांचे लक्ष हळूहळू खोकडाकडे वळले.

अठराव्या शतकात या शिकारीला नवे रूप मिळाले. लेस्टरशायरमधील ह्यूगो मेनेल याने १७५३ पासून सुमारे अर्धशतक क्वॉर्न हंटचे नेतृत्व केले आणि वेगवान, वासाला पक्क्या अशा कुत्र्यांची पैदास केली. याच काळात एन्क्लोजरच्या प्रक्रियेने, म्हणजे सामाईक जमिनींना कुंपण घालून त्या खासगी करण्याच्या प्रक्रियेने, मध्य इंग्लंडचे रूप पालटले. उघड्या शेतांच्या जागी कुंपणवेलींनी बंदिस्त केलेली गवताची कुरणे आली. कुंपणावरून घोडा उडवणे हेच शिकारीचे मुख्य आकर्षण ठरले. क्वॉर्न, बेल्व्हॉयर, पिचली आणि कॉट्समोर या हंटांची कीर्ती याच कुरणांवर उभी राहिली आणि मेल्टन मोब्रे हे गाव शिकाऱ्यांचे केंद्र बनले.

आरंभी कुत्र्यांचे कळप उमरावांच्या खासगी मालकीचे असत. बेल्व्हॉयरचा कळप ड्यूक ऑफ रटलंडच्या घराण्याचा होता. परंतु कुत्री, घोडे आणि नोकर यांचा खर्च वाढत गेला, तसे एकोणिसाव्या शतकात वर्गणीवर चालणारे क्लब वाढले. या बदलाचा एक परिणाम लक्षात घ्यावा. उमराव बहुतांशी स्वतःच्या इस्टेटीवर शिकार करत असे. क्लबला मात्र शिकारीचा मोठा मुलूख लागे आणि त्यातली बहुतेक जमीन क्लबची नसे.

३. कायदा : हक्क नव्हे, परवानगी

१६७१ च्या शिकार कायद्याने ससा, तितर यांसारख्या पशुपक्ष्यांची शिकार ठरावीक मिळकत असलेल्या जमीनदार वर्गापुरती मर्यादित केली होती. खोकड या यादीत नव्हते, कारण ते 'उपद्रवी' होते. त्यामुळे त्याची शिकार कोणीही करू शकत होता. पण धावते खोकड शेताची हद्द ओळखत नाही. त्याच्यामागे कोणाच्याही शेतात शिरता येईल का?

या प्रश्नाची न्यायालयीन उत्तरे कालक्रमाने पाहू.

१७८६, गंड्री विरुद्ध फेल्थम : खोकड उपद्रवी असल्याने त्याला मारणे लोकहिताचे आहे. म्हणून त्याच्या पाठलागात दुसऱ्याच्या जमिनीवर जाणे समर्थनीय ठरते, असा निर्णय झाला.

१८०९, अर्ल ऑफ एसेक्स विरुद्ध केपल : अर्लच्याच घराण्यातील एक धर्मोपदेशक शिकार घेऊन त्याच्या जमिनीवर आला होता. मुख्य हेतू उपद्रव निवारण्याचा नसून करमणुकीचा असेल, तर ते अतिक्रमणच होय, अशी भूमिका लॉर्ड एलेनबरो यांनी घेतली.

१८७८, पॉल विरुद्ध समरहेज : जमीन ताब्यात असणाऱ्याची इच्छा नसताना तिच्यावर शिरण्याचा शिकाऱ्यांना कोणताही हक्क नाही, हे स्पष्ट झाले.

१८०९ नंतर क्लबांची कायदेशीर स्थिती नाजूक होती. हंगाम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होई आणि वसंतात पेरण्या व मेंढ्यांच्या विण्याचा काळ जवळ आला की संपे. या चार-पाच महिन्यांत आठवड्यातून अनेक दिवस पन्नास-शंभर घोडेस्वार इतरांच्या शेतांतून दौडत. एखाद्या शेतकऱ्याने फाटकात उभे राहून 'नाही' म्हटले, तर क्लबकडे कायद्याचे उत्तर नव्हते. आभारांची परंपरा या पोकळीत वाढली.

४. आभारांची रूपे

क्लबांचे आभार शब्दांपुरते नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्यांची एक व्यवस्थाच तयार झाली.

(अ) भरपाई : खोकडाने कोंबड्या मारल्या तर क्लबच्या 'पोल्ट्री फंडा'तून पैसे दिले जात. तुडवलेला गहू, मोडलेले कुंपण, उघड्या राहिलेल्या फाटकातून बाहेर पडलेली जनावरे यांसाठीही हात सैल सोडावा लागे. यातला विरोधाभास पाहण्याजोगा आहे. खोकड मारणे हा शेतकऱ्यावर उपकार, असे सांगितले जाई. पण शेतकऱ्याने स्वतःच ते गोळी घालून मारले तर तो मोठा सामाजिक अपराध ठरे. शिकारीसाठी खोकडे टिकावीत म्हणून क्लब गॉर्सच्या काटेरी झुडपांची राने मुद्दाम लावत आणि त्या जागेचे भाडेही भरत. म्हणजे कोंबड्यांची भरपाई ही प्रत्यक्षात खोकडे जिवंत ठेवण्याची किंमत होती.

(आ) पिल्लांचा सांभाळ : शिकारी कुत्र्यांची पिल्ले काही महिने शेतकऱ्यांच्या घरी वाढत. त्यांना माणसांची, गुराढोरांची आणि कोंबड्यांची सवय व्हावी, हा हेतू. उन्हाळ्यात पिल्लांचे प्रदर्शन भरे, चांगले पिल्लू वाढवणाऱ्याला चांदीची वस्तू बक्षीस मिळे आणि सर्वांना जेवण असे. शेतकरी कुटुंबाचा, विशेषतः घरातील स्त्रियांचा, क्लबशी जिव्हाळ्याचा संबंध येथे जुळे.

(इ) जेवणावळी आणि शर्यती : शेतकऱ्यांसाठी खास मेजवानी व नृत्यसमारंभ होत. हंगामाच्या अखेरीस शेतजमिनीवर 'पॉइंट-टू-पॉइंट' घोडशर्यती भरत. तेथे शेतकऱ्यांना भोजनाचे निमंत्रण असे आणि त्यांच्या घोड्यांसाठी वेगळी शर्यतही ठेवली जाई. आज ब्रिटनमध्ये हौशी घोडशर्यतींचा जो प्रकार लोकप्रिय आहे, त्याचे एक मूळ या आभारात आहे.

(ई) सेवा : शेतावर मेलेले जनावर उचलून नेण्याचे काम क्लबचे नोकर करत. ते मांस कुत्र्यांना खाऊ घातले जाई. शेतकऱ्याची अडचण दूर होई आणि क्लबचा खर्च वाचे.

५. कुळाला खरोखर 'नाही' म्हणता येत होते का?

येथे सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बहुतांश शेतजमीन मोठ्या इस्टेटींची होती आणि ती कुळे खंडाने कसत. जमीनदार बहुधा स्वतः क्लबचा आधारस्तंभ असे. भाडेकरारात शिकारीचा हक्क तो स्वतःकडे राखून ठेवी. अनेक कुळांचा करार दरवर्षी नव्याने चाले. अशा कुळाने शिकारीला विरोध केला तर जमीन जाण्याची धास्ती होती. म्हणून क्लबने कुळाचे मानलेले आभार पुष्कळदा जमीनदाराच्या छायेतले आभार होते. संमती गृहीत धरलेली असे, मेजवानी मात्र मनापासूनची असे.

तरीही कुळाच्या हाती काही अदृश्य शस्त्रे होती. रात्री लावलेला सापळा, विष घातलेला मांसाचा तुकडा, बंद ठेवलेले फाटक. त्यांचा पुरावा सापडणे कठीण. विशेषतः १८७० च्या दशकानंतर, परदेशी स्वस्त धान्यामुळे इंग्लिश शेती मंदीत सापडली तेव्हा, नाराज कुळाला दुखावणे क्लबला परवडणारे नव्हते. १८८० च्या कायद्याने कुळांना आपल्या शेतातील ससे मारण्याचा अबाधित हक्क दिला. शेतावरील जनावरांबाबत कुळाचाही शब्द चालतो, हे कायद्याने मान्य केले होते.

६. आभार अपुरे पडले तेव्हा

पहिले उदाहरण काटेरी तारेचे. अमेरिकेत १८७० च्या दशकात स्वस्त काटेरी तार तयार होऊ लागली आणि लवकरच ती इंग्लंडच्या शेतांवर आली. मंदीतल्या शेतकऱ्याला ती वरदान होती. दौडत्या घोड्याला मात्र ती दिसत नसे आणि जीवघेणी ठरे. क्लबांनी 'वायर फंड' उभारले. हंगामापूर्वी स्वखर्चाने तार काढायची, हंगामानंतर पुन्हा लावून द्यायची आणि जेथे ती राहिली तेथे तांबडी पाटी लावायची. तार काढा असा हुकूम करता येत नव्हता, विनंतीच करावी लागे.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे. तेथे जमीनदार आणि कुळे यांच्यात धर्म, इतिहास आणि राष्ट्रीयता यांची दरी होती. १८७९ मध्ये लँड लीग स्थापन झाली. मायकेल डेव्हिट तिचे संस्थापक आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल अध्यक्ष. 'बॉयकॉट' हा शब्द १८८० मध्ये मेयो परगण्यातील याच लढ्यातून आला. ऑक्टोबर १८८१ मध्ये पार्नेल यांना अटक झाली, लीगवर बंदी आली आणि त्या हिवाळ्यात कुळांनी शिकारीवरच बहिष्कार टाकला. शेतांवर शिकारीस मनाई असल्याच्या नोटिसा लागल्या, जमाव घोडेस्वारांच्या आडवे आले, कुत्र्यांवर दगड पडले, कोठे विष घातले गेले. काही क्लबांना शिकार थांबवावी लागली.

भूमी आंदोलनात शिकारीचे क्लब लक्ष्य का व्हावेत? खंड न देण्याची शिक्षा कुळाला घर गमावून भोगावी लागे. शिकार अडवणे तुलनेने सोपे होते आणि जमीनदार वर्गाला ते जाहीरपणे बोचणारे होते. जी परवानगी शतकभर गृहीत धरली होती, ती काढून घेता येते हे कुळांनी दाखवले. जेवणावळीने जमीनहक्काचा प्रश्न मिटत नव्हता.

७. तुलना : निलगिरी

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही शिकार भारतातही आणली. त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे निलगिरीतील ऊटी हंट. तेथे खोकडाऐवजी कोल्ह्याचा पाठलाग होई. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांचे नाव मिळालेल्या वेनलॉक डाउन्स या गवताळ टेकड्या शिकाऱ्यांना इंग्लंडची आठवण करून देत. परंतु याच उंच गवताळ प्रदेशावर तोडा समाज पिढ्यानपिढ्या म्हशी चारत आला होता.

फरक येथे दिसतो. लेस्टरशायरमध्ये शेतकरी कायद्याने 'नाही' म्हणू शकत होता. निलगिरीत वसाहती सरकारने जमिनीवर स्वतःचा अधिकार सांगितला आणि डाउन्स पुढे राखीव वनक्षेत्र झाले. ज्यांची कुरणे होती त्यांच्या परवानगीवर शिकार अवलंबून राहिली नाही. आपल्याकडील अनेक संस्थानांत राजाच्या शिकारीसाठी हाकारे म्हणून गावकऱ्यांना वेठीस धरले जाई, तेही येथे आठवावे. ज्याचा नकार मोजला जातो, त्याच्याच होकाराचे आभार मानले जातात.

८. विसावे शतक : समर्थक, बंदी आणि पुन्हा जमीनमालक

पहिल्या महायुद्धानंतर अनेक इस्टेटी विकल्या गेल्या आणि पुष्कळ कुळे मालक झाली. इंग्लंड-वेल्समध्ये मालकाने स्वतः कसलेल्या जमिनीचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे ११ टक्के होते, ते १९२७ पर्यंत सुमारे ३६ टक्के झाले. आता जमीनदाराच्या एका शब्दावर भागत नव्हते, प्रत्येक शेतकऱ्याच्या दारी जावे लागे. पुढे 'समर्थक मंडळे'ही वाढली. घोडा न परवडणारे गावकरी पायी किंवा मोटारीने शिकारीमागे जात, छोटे कार्यक्रम करून निधी जमवत. क्लबच्या आभारांच्या यादीत त्यांची भर पडली.

दुसरीकडे प्राण्यांवरील क्रौर्याचा प्रश्न तीव्र होत गेला. विरोधकांनीही जमीनमालकीचाच आधार घेतला. 'लीग अगेन्स्ट क्रूएल स्पोर्ट्स' या संस्थेने एक्समूर भागात जमिनी विकत घेऊन हरणांसाठी अभयस्थाने केली आणि तेथे कुत्री घुसल्याबद्दल १९८५ मध्ये न्यायालयात दाद मिळवली. २००० मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीचा अहवाल आला. २२ सप्टेंबर २००२ रोजी लंडनमध्ये ग्रामीण समर्थकांचा प्रचंड मोर्चा निघाला. तरीही २००४ चा हंटिंग ॲक्ट संमत झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने खोकडाची पारंपरिक शिकार बेकायदा ठरली.

त्यानंतर क्लब कृत्रिम वासाच्या मागावर कुत्री सोडण्याचा 'ट्रेल हंटिंग' हा प्रकार करू लागले. त्याआडून जुनी शिकार चालते, असा विरोधकांचा आरोप आहे. पण या प्रकारालाही जमीन लागते. २०२१ मध्ये नॅशनल ट्रस्ट या बड्या जमीनमालक संस्थेच्या सभासदांनी विरोधात मतदान केले आणि ट्रस्टने परवाने देणे थांबवले. दोन शतकांनंतरही अडचण तीच राहिली : जमीन दुसऱ्याची आणि परवानगी मागावी लागणार.

९. समारोप

खोकड-शिकार क्लबांचे आभार हे ढोंग नव्हते आणि निव्वळ सौजन्यही नव्हते. कायद्याने न दिलेला हक्क सलोख्याने मिळवण्याची ती रीत होती. तिच्यामुळे मेजवान्या, शर्यती, निधी आणि खरी शेजारधर्माची नाती निर्माण झाली. त्याच वेळी कुळाची परवशता तिच्याखाली झाकलीही गेली. म्हणून एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल किंवा स्मरणिका हाती आली, तर आभाराचे पान उलटून पुढे जाऊ नये. त्या पानावर कोणाचे नाव आहे, कोणत्या क्रमाने आहे आणि कोणाचे नाव नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे.

स्वाध्याय

१. १७८६ आणि १८०९ च्या निर्णयांतील फरक स्पष्ट करा. 'हेतू' या मुद्द्याला इतके महत्त्व का आले?

२. पोल्ट्री फंडामागील विरोधाभास आपल्या शब्दांत मांडा.

३. आयर्लंडमधील शिकारबंदी आणि भारतातील एखादे बहिष्कार आंदोलन यांची तुलना करा.

४. आपल्या गावातील जत्रा, क्रीडास्पर्धा किंवा उत्सव कोणाच्या जमिनीवर भरतो? त्या मालकाचा मान कसा राखला जातो? ज्येष्ठांना विचारून टिपण लिहा.