पैजेचें धांवणें

पैज मारणें हा मनुष्याचा फार जुना छंद आहे; आणि त्यांत एक विशेष असा आढळतो कीं, पैज बहुधा बसल्या जागीं मारली जाते आणि उभ्यानें फेडावी लागते. जेवणानंतर चारचौघांत गोष्ट निघते. एक म्हणतो, "त्यांत काय मोठेंसें? मीहि धांवून दाखवीन." दुसरा रक्कम ठरवितो, तिसरा घड्याळ काढतो. प्रकार थट्टेचा दिसला तरी त्याच्या पोटीं एक विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ज्यानें धांवण्याचा अभ्यास कधींच केला नाहीं, असा मनुष्य केवळ ईर्ष्येच्या बळावर ठराविक अंतर ठराविक वेळांत तोडूं शकेल काय? या बाबतींत इतिहासाची साक्ष काढून पाहावी, असा आमचा मानस आहे.

उदाहरण ठाणें-कल्याणचेंच घेऊं. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली, तेव्हां तिला २१ मैलांस ५७ मिनिटें लागलीं. पुढच्याच वर्षीं हा लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोहोंचला. तेव्हांपासून या टापूंतील लोकांस अंतर कोसांनीं न मोजतां मिनिटांनीं मोजण्याची संवय लागली. "कल्याण किती दूर?" असें विचारल्यास ठाणेकर मैल सांगत नाहीं, गाडीला लागणारा वेळ सांगतो. लोहमार्गानें हें अंतर सुमारें २० किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनहून थोडें कमी भरतें. समजा, एखाद्या ठाणेकरानें एवढें अंतर सडकेवर मोजून घेऊन तें दोन तासांत धांवण्याची पैज मारली, तर तो ती जिंकेल काय?

येथें अंतर आणि काळ यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अंतर हा दयाळू धनी आहे. चालणाऱ्याला तो घाई करीत नाहीं. तासाला पांच किलोमीटर चालणारा निरोगी मनुष्य चार तासांत हें अंतर उरकील. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारें अडीचशें किलोमीटरांची वाट वारींतल्या म्हाताऱ्या बायासुद्धां दरवर्षीं चालतात; त्यांस कोणीं तालीम दिलेली नसते. परंतु घड्याळ मध्यें आलें कीं सारा रंग पालटतो. दोन तासांची अट म्हणजे प्रत्येक किलोमीटर सहा मिनिटांत, आणि तोहि न थांबतां वीस वेळां. पहिले दोन-तीन किलोमीटर उत्साह भागवील. उरलेले कोणी भागवावेत, हा प्रश्न राहतोच.

हाच भेद अमेरिकेंतील एका प्रसिद्ध पैजेंत दिसून येतो. १८६० च्या निवडणुकींत लिंकन हरणार, अशी पैज एडवर्ड पेसन वेस्टन या तरुणानें मारली. हरल्यास बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत दहा दिवसांत पायीं जावें, असें ठरलें. डाव होता थोड्याशा भुईमुगाच्या शेंगांचा! लिंकन निवडून आले, आणि १८६१ च्या फेब्रुवारींत वेस्टन बर्फाचिखलांतून निघाला. ४७८ मैल तो चालला खरा, परंतु त्याला दहा दिवस आणि वर चार तास लागले. अंतरानें त्याला हार दिली नाहीं, घड्याळानें दिली. हाच गृहस्थ पुढें चालण्याचा धंदा करून जगप्रसिद्ध झाला.

याउलट इंग्लंडांतील कॅप्टन बार्क्ले यानें १८०९ मध्यें न्यूमार्केट येथें एक हजार गिनींची पैज जिंकली. एक हजार तासांत एक हजार मैल, आणि तेहि दर तासाला एक मैल याप्रमाणें, अशी अट होती. म्हणजे सहा आठवडे अखंड झोंप नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्याला मैलास सुमारें १५ मिनिटें लागत, शेवटच्या आठवड्यांत २१ लागूं लागलीं. तरी तो टिकला. परंतु बार्क्ले हा नवशिका नव्हता. लांब चालण्याच्या पैजा त्यानें तरुणपणापासून मारल्या होत्या, आणि शरीर कसें तयार करावें याविषयींची त्याची पद्धति पुढें इतरांनीं अनुसरली.

"मग दंतकथांतले धांवपटू कोठें तालमींत गेले होते?" असा आक्षेप कोणी घेईल. ज्याच्या नांवाशीं मॅरेथॉनची कथा जोडली गेली तो फिडिपिडीस, हिरोडोटसच्या सांगण्याप्रमाणें, निरोप पोहोंचविण्याचा धंदाच करणारा होता. आपल्याकडील जासूद आणि हरकारे तसेच. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेल्या टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेविलें आहे कीं, येथें पायीं धांवणाऱ्यांकडून जाणारें पत्र घोडेस्वाराहून लवकर पोहोंचतें. कारण थोड्याथोड्या अंतरावर झोंपडी असे व तेथें नवा गडी थैली उचली. म्हणजे ज्यांचें पोटच धांवण्यावर होतें, त्यांनाहि सारी वाट एकट्यानें तोडावी लागत नसे.

आतां विरुद्ध बाजूचे पुरावे पाहूं. आणि तेच अधिक बोधप्रद आहेत. १८९६ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहणारा होता. आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनीं शेतकरीवर्गांतील मुलें अनवाणी धांवतांना पाहिलीं. त्यांस कोणीं शिक्षण दिलें नव्हतें, तरी त्यांपैकीं कांहींची वेळ युरोपांतील वेळेशीं तुलना करण्याजोगी निघाली. त्यांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी चमू जाण्याची कल्पना निघाली. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथें मॅरेथॉन धांवले आणि २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीं शर्यतीचें अंतर पाऊणे त्रेचाळीस किलोमीटर होतें. म्हणजे किलोमीटरास चार मिनिटें पडलीं. या गतीनें ठाणें-कल्याणएवढें अंतर ऐंशी मिनिटांत संपतें! त्याच शर्यतींत उतरलेले सदाशिव दातार यांस मात्र ती पुरी करतां आली नाहीं.

अगदीं अलीकडचें उदाहरण बारामतीचें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतून पोटासाठीं तिकडे गेलेल्या श्रीमती लता भगवान करे यांनीं साठी उलटल्यावर, पतीच्या आजाराच्या तपासणीस पैसे हवे म्हणून, तेथील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरांच्या शर्यतींत नऊवारी लुगड्यानें, अनवाणी धांवून पहिलें बक्षीस मिळविलें. त्यांच्यावर निघालेल्या २०२० च्या मराठी चित्रपटांत त्यांनीं स्वतःच काम केलें, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. येथें पैज नव्हती. परंतु जें पणाला लागलें होतें तें कोणत्याहि पैजेहून मोठें होतें.

तर मग अभ्यासावांचून धांवतां येतें, असें म्हणावें काय? आमचें उत्तर असें कीं, या माणसांस अभ्यास नव्हता हें म्हणणेंच चुकीचें आहे. पाण्याचें ओझें घेऊन रोज कित्येक मैल जाणारा, नांगरामागें अनवाणी चालणारा मुलगा, दुसऱ्याच्या शेतांत उन्हातान्हांत मजुरी करणारी बाई, यांची तालीम वर्षानुवर्षें चाललेली असते. फक्त तिला तालीम हें नांव नसतें, आणि तिच्यासाठीं कोणी घड्याळ लावून बसलेलें नसतें. आपण सुशिक्षित लोक त्यांच्या विजयाला 'निसर्गाची देणगी' म्हणून टाळ्या वाजवितों. या शब्दानें त्यांचे कष्ट झांकले जातात, आणि त्यांस खुराक, पायांत जोडा व शिक्षक मिळवून देण्याची आपली जबाबदारीहि आपोआप टळते. देणगी जर निसर्गानेंच दिली, तर आपण कांहीं द्यावयाचें कारण काय?

शरीरशास्त्रहि हेंच सांगतें. हृदय एका ठोक्यास किती रक्त फेंकतें, स्नायूंत रक्ताच्या सूक्ष्म वाटा किती आहेत, हें कित्येक आठवड्यांच्या श्रमानें वाढतें. हाडें आणि स्नायूंस हाडांशीं बांधणारे दोर त्याहूनहि सावकाश बळकट होतात. ईर्ष्येनें यांतलें कांहीं एका रात्रींत वाढत नाहीं. ईर्ष्या सांठविलेलें धन खर्च करावयास लावते. नवें धन मिळवून देत नाहीं. ज्याची पेटी रिकामी त्यानें उसनें कोठून आणावें? त्यांत आमच्या खाडीकांठची हवा दमट. घाम ठिबकतो, पण वाळत नाहीं. आणि घाम वाळल्यावांचून अंग निवत नाहीं. अशा हवेंत ईर्ष्येनें शरीराच्या सूचना न जुमानणारा मनुष्य पैजेबरोबर प्राणहि पणाला लावतो.

तेव्हां आमच्या ठाणेकरानें, कचेरींत दिवस बसून काढणाऱ्यानें, उद्यां सकाळीं दोन तासांत कल्याणएवढें अंतर धांवूं नये. गाडी गांठण्यासाठीं तो जिन्यावरून रोज पळतो हें खरें. पण तें धांवणें मिनिटाभरांत संपतें. शिवाय तो जिंकला तरी १८७२ च्या कराराच्या कायद्याचें तिसावें कलम पैजेचा करार रद्द समजतें. मित्रानें पैसे बुडविले तर कोर्टांत दाद नाहीं!

तरीहि पैज अगदींच टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ठाण्यास पावसाळ्यांत वर्षा मॅरेथॉन भरत आली आहे; २०१९ सालीं तिचें तिसावें वर्ष होतें. पैज मारावयाचीच तर अशा शर्यतीचा दिवस धरून सहा महिने आधीं मारावी, वैद्याला प्रकृति दाखवावी, आधीं चालावें, मग थोडें धांवावें, आणि आठवड्यागणिक अंतर वाढवीत जावें. एवढें केल्यावर दोन तासांत वीस किलोमीटर ही साधारण निरोगी मनुष्याच्या आटोक्याबाहेरची गोष्ट नाहीं. मात्र त्या दिवशीं तो अभ्यासावांचून धांवणारा राहिलेला नसेल, आणि पैजेचा मूळ प्रश्न त्याच्यापुरता निकालांत निघालेला असेल.