तेजाबाचं कूळ

कर्जतच्या बाजारपेठेत जुना दागिना मोडायला नेला की सोनार आधी तो काळ्या कसोटीवर घासतो. दगडावर पिवळी रेघ उमटते. मग काचेच्या बाटलीतला एक थेंब त्या रेघेवर. पितळ असेल तर हिरवट फेस येऊन रेघ नाहीशी होते; सोनं असेल तर जागची हलत नाही. पाऊस हुकलेल्या सालात मोडीला आलेल्या बाईचा श्वास त्या थेंबापाशी अडकलेला मी पाहिला आहे.

पुस्तकात हे नायट्रिक आम्ल. सोनाराच्या तोंडी तेजाब. शब्द फारसी. तेज म्हणजे धारदार, आब म्हणजे पाणी. गुलाबातला आबही हाच. मराठी कानाला त्यात आपलं तेज ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. संस्कृत 'तिज्' म्हणजे धार लावणं. तेज, तीक्ष्ण आणि फारसी तेज ही एकाच मुळाची भावंडं.

युरोपात १३०० च्या सुमाराच्या लॅटिन किमयाग्रंथांत सोरा, हिराकस आणि तुरटी एकत्र तापवून त्याची वाफ धरून तेजाब काढायची कृती आहे. पुढे सोऱ्यावर गंधकाम्ल ओतून ते काढू लागले. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने १९०२ मध्ये अमोनिया प्लॅटिनमवरून नेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तळोज्याच्या कारखान्यात आज अमोनियापासूनच ते बनतं. उजेडात ठेवलं की पिवळं पडतं, म्हणून बाटली गडद रंगाची. बोटाला लागलं तर कातडीही पिवळी होते, आणि तो डाग धुऊन जात नाही.

पण तेजाबाशी खरा संसार केला तो सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्यांनी. विटा, खानापूर, आटपाडी हा आमच्यासारखाच अवर्षणाचा पट्टा. तिथली माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली. सोनं शुद्ध करायचं तर त्यात आधी जवळपास तिप्पट चांदी मिसळतात. नवख्याला हे उफराटं वाटतं. पण चांदी कमी असली तर सोनं तिला आडोसा देतं आणि तेजाब आत शिरत नाही. रस पाण्यात ओतून दाणे करायचे, ते तेजाबात उकळायचे. तांबूस धूर उठतो, नाकाला झोंबतो. त्याने फुप्फुसं जळतात, म्हणून धुराड्याला चांगली ओढ हवी. तळाला तपकिरी पूड उरते. तिला झळाळी नसते, ती आटवल्यावर येते.

चांदी पाण्यात गेलेली असते. त्यात तांब्याची पट्टी सोडतात. पट्टीवर राखाडी चांदी साचू लागते, आणि पाणी हळूहळू निळं होत जातं.