तीन झडपा आणि एक चूक

कल्याणहून धीम्या लोकलने मुंबईकडे निघाले की पहिलेच स्टेशन लागते ते ठाकुर्लीचे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण केले, तेव्हा येथे कोळशावर चालणारे वीजघर उभारले. परिसरातील लोक त्याला ‘चोळा पॉवर हाउस’ म्हणूनच ओळखतात. ते बंद पडूनही बराच काळ लोटला आहे. येथून काही किलोमीटरवर, कल्याण-शीळ रस्त्यालगत, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. १९९० च्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. तोही आता इतिहासजमा झाला.

वीजघर आणि मोटार या दोहोंत एक साधी वस्तू समान आहे. ती म्हणजे झडप, बोलीभाषेतला व्हॉल्व्ह. बॉयलरवर ती असते, इंजिनात असते आणि चाकातही असते. या तीन झडपांचा इतिहास पाहताना आम्हाला असे आढळले, की माणसाने तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच चूक पुन्हा पुन्हा केली आहे. ती चूक वर्गात समजावून सांगण्याजोगी आहे.

पहिली झडप वाफेची. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आपले वाफेचे पातेले मांडले. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरचा हा पणजोबा. पातेले फुटू नये म्हणून पापँने त्याला तरफेची झडप बसवली. एका बारीक छिद्रावर झाकण, झाकणावर तरफ आणि तरफेच्या टोकाला वजन. वाफेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झाकण उचलले जाई व जादा वाफ निघून जाई. कुकरच्या शिट्टीत तरफ नाही, वजन थेट छिद्रावर बसते, पण तत्त्व तेच. वजनाला छिद्राच्या क्षेत्रफळाने भागले की झडप उघडण्याचा दाब मिळतो. घरच्या कुकरमध्ये तो वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर अधिक असतो, म्हणून त्यात पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते.

पुढे आगगाड्या आल्या आणि या झडपेची फुसफुस लोकांना नकोशी झाली. अमेरिकेत १८३१ साली ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ नावाच्या इंजिनावरील आगवाल्याला हा आवाज असह्य झाला व त्याने झडप दाबून बांधून टाकली, अशी हकिकत सांगतात. बॉयलर फुटला आणि त्यात त्याचाच जीव गेला. इतर ठिकाणी चालक अधिक जोर मिळावा म्हणून तरफेवर जादा वजन टांगत. शेवटी १८५० च्या दशकात इंग्लंडमधील जॉन रॅम्सबॉटम याने दोन झडपा एकाच स्प्रिंगने जखडण्याची युक्ती काढली. एक झडप दाबायला जावे तर दुसरी सैल होई. म्हणजे झडपेशी खेळणेच अशक्य झाले. भारतात बॉयलरच्या तपासणीसाठी १९२३ साली कायदा झाला. २०२५ साली त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

दुसरी झडप इंजिनातली. निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले. हवा व इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार फेऱ्यांत होतात. आत घेण्याची एक आणि बाहेर टाकण्याची एक अशा दोन झडपा प्रत्येक सिलिंडरला असतात. त्यांचा आकार कुत्र्याच्या छत्रीसारखा, म्हणजे लांब दांडा व वर चपटे डोके.

मुंबईकरांना हे इंजिन ‘पद्मिनी’मुळे परिचयाचे. प्रीमियर कंपनी फियाट ११०० या इटालियन गाडीच्या आवृत्त्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनवत असे. १९७० च्या दशकात या गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीचे वय २० वर्षांपर्यंतच चालते, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ही काळी-पिवळी रस्त्यावरून गेली.

तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना दंडगोलाचे घनफळ काढायला सांगावे. चार सिलिंडरांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर उत्तर येते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

झडपेच्या डोक्यावर पेटत्या वायूचा मारा असतो. धूर सोडणारी झडप ७०० अंशांपर्यंत तापते. तिची बरीचशी उष्णता ती मिटून आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर टेकलेली असतानाच निघून जाते. येथे प्रसरणाचा नियम कामाला येतो. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी सरासरी ४०० अंशांनी तापली तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. इंजिनाचे हेड, ब्लॉक, पुश रॉड हेही वाढतात, पण सारखे नाही. म्हणून झडपेचा दांडा व रॉकर यांच्यात थोडी फट ठेवतात. हीच ‘टॅपेटची गॅप’. ती फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजतात.

या फटीमुळे इंजिन टिकटिक करते. ऐकणाऱ्याला वाटते, काहीतरी सैल झाले आहे. मग कोणी घरच्या घरी फट कमी करतो. आवाज थांबतो, मालक खूश होतो. पण गरम झाल्यावर दांड्याला वाढायला जागा उरत नाही आणि झडप सीटवर पूर्ण टेकत नाही. तिची उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते, फटीतून जळता वायू सुटतो आणि झडपेची कड जळून जाते. टिकटिक करणारे इंजिन चालत होते, शांत झालेले इंजिन गॅरेजमध्ये जाते.

हे काम घरी करूच नये असे आम्ही म्हणत नाही. जुन्या गाड्यांचे मालक व टॅक्सीवाले ते करत आले आहेत. चार सिलिंडरांच्या, १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या असतात. चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा डुलत असताना, म्हणजे एक मिटत व दुसरी उघडत असताना, पहिल्याच्या दोन्ही पूर्ण मिटलेल्या असतात. तेव्हा पहिल्याची फट मोजावी. हेड खोलून झडप घासण्याची रीतही अशीच जुनी आहे. सीटवर कार्बोरंडमची पेस्ट लावायची, झडपेच्या डोक्याला रबरी वाटी असलेली दांडी चिकटवायची आणि दोन तळहातांमध्ये रवीसारखी घुसळायची. नंतर पेस्टचा कण न् कण पुसून काढायचा. झडप नीट बसली की नाही हे पाहायला तिच्या मागच्या मार्गात थोडे रॉकेल ओततात. ते झिरपले नाही तर काम जमले. मात्र फटीचा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, कानाने ठरवू नये. आजच्या अनेक इंजिनांत ही फट आपोआप राखली जाते, तेथे हात घालण्याचे कारणच नाही.

तिसरी झडप चाकातली. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. हवा आत जावी पण बाहेर येऊ नये, यासाठी एकदिशा झडप हवी होती. आपल्या साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर जी रबरी नळी चढवतात, ती त्या काळचीच युक्ती आहे. मोटारीच्या चाकात स्प्रिंगची श्रेडर झडप असते, तिचा उगम १८९० च्या दशकातला.

येथील चूक मात्र अर्धवट शास्त्रातून जन्मते. ‘हवा तापली की दाब वाढतो, म्हणून उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी भरावी,’ असे आपण अनेकदा ऐकतो. पहिला भाग खरा आहे. २७ अंशांवर गेजने ३० पौंड दाखवले, तर वातावरणाचे धरून दाब ४४.७ होतो. टायर ६७ अंशांवर गेला तर ४४.७ ला ३४० ने गुणून ३०० ने भागावे. उत्तर सुमारे ५०.७, म्हणजे गेजवर ३६ पौंड. धडधाकट टायर एवढा दाब सहज सोसतो, कारण शिफारस केलेला आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो.

कमी हवेचा टायर मात्र जमिनीशी अधिक चेपतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने लहान गाडीचे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू वाकून सरळ होते. रबर वाकवताना दिलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही, उरलेली उष्णता होते. टायर आतून तापतो, थर सुटू लागतात आणि शेवटी तो फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपायच फुटण्याचे कारण ठरतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तासन् तास न थांबता एका वेगाने धावणाऱ्या गाडीत ही उष्णता साठत राहते, म्हणून हा हिशोब आता अधिकच महत्त्वाचा आहे.

काळजी साधीच आहे. टायर थंड असताना दाब मोजावा. आकडा दाराच्या चौकटीवरील पट्टीवरचा घ्यावा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. व्हॉल्व्हचे टोपण धूळ अडवते, ते हरवू देऊ नये. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो कायद्याने बाद ठरतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबराचे वय होतेच.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. रुंद रबर बँड ओठाला लावून झटकन ताणावा, ऊब जाणवते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवावी, ती तापते आणि अखेर तुटते. मग विद्यार्थ्यांना विचारावे की आगवाला, टॅपेट आवळणारा आणि हवा कमी भरणारा, या तिघांचे नेमके काय चुकले?

पहिल्या दोघांनी सूचना देणारा आवाज बंद केला आणि दोष गेला असे मानले. तिसऱ्याने नियम अर्धाच वापरला. तिघांनीही मोजले मात्र नाही. ठाकुर्लीच्या वीजघरात दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवणारा माणूस पाळीपाळीने बसत असणार. आपल्या गाडीपाशी तो माणूस आपणच आहोत.