गाठीचे लाकूड

कोल्हापुरात 'मेस्त्री' ही पदवी विद्यापीठ देत नाही, गल्ली देते; आणि एकदा मिळाली की ती आडनाव होऊन पिढ्यान्पिढ्या घरात राहते. १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढणारे बाबूराव पेंटर हेसुद्धा मूळचे मेस्त्रीच. त्यामुळे या गावात कानावर पेन्सिल खोचलेला माणूस बोलू लागला की मी गप्प बसून ऐकतो. आमच्या मेस्त्रींनी मला लाकडातल्या गाठीची व्याख्या सांगितली ती अशी : "माणसाला हात फुटतोय तिथं काय असतंय? खांदा. झाडाला फांदी फुटती तिथं गाठ. मग खांदा असणं हा काय दोष हाय व्हय?"

वनस्पतिशास्त्राची पुस्तके हेच जरा लांबण लावून सांगतात. खोड जाड होत जाते तसे ते फांदीचे बूड पोटात घेते. फांदी जिवंत असेल तर तिचे तंतू खोडाच्या तंतूंत मिसळतात आणि गाठ घट्ट बसते. फांदी आधीच वाळलेली असेल तर खोड तिला नुसते वेढून टाकते. भोवती सालीचे काळे कडे राहते, आणि फळी वाळली की एखाद्या दिवशी ती गाठ बुचासारखी निघून हातात येते. मेस्त्री पहिलीला 'जिती' म्हणतात, दुसरीला 'मेलेली'. एकत्र कुटुंबात दोन्ही प्रकार आढळतात.

गाठीची बदनामी मात्र फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. पाऊस, भूकंप, रत्ने, हत्ती यांच्या पंक्तीला त्याने पलंग आणि आसने यांनाही एक अध्याय दिला. वीज पडलेले झाड नको, वाऱ्याने पडलेले नको, पाखरांची घरटी असलेले नको, देवळातले नको, स्मशानातले तर नकोच नको. एवढ्या चाळणीतून एखादे झाड सुटलेच, तर त्याच्या लाकडातली छिद्रे तपासायची. त्यांचे प्रकार सहा, आणि नावे अशी की पलंग करायला निघालेला माणूस मुकाट्याने चटईवर निजेल : निष्कुट, कोलाक्ष, सूकरनयन, वत्सनाभ, कालक आणि धुंधुक. निष्कुट म्हणजे तोंड अरुंद आणि आत घड्यासारखी पोकळी; त्याचे फळ द्रव्यक्षय. पुढे कुळाचा नाश, शस्त्रभय आणि रोग असा चढता क्रम. शेवटी निकाल असा, की फार गाठींचे लाकूड कुठेच चांगले नाही. द्रव्यक्षयाबद्दल माझा एक नम्र अनुभव सांगतो : लाकडाला एकही छिद्र नसले तरी तो होतो. सुताराला ॲडव्हान्स दिला की पुरे.

बरे, हा सगळा शास्त्रार्थ झाला राजेरजवाड्यांच्या पलंगांचा. बारा बलुतेदारांतल्या सुताराला निवडायला वेळ कुठला? सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य मिळायचे, आणि लाकूड म्हणजे बांधावरची बाभळ. बाभळ सरळ वाढली तर तिलाच चुकल्यासारखे वाटत असावे. पण या सुताराने तिचा वाकडेपणाच कामाला लावला. नांगराला हवा असलेला बाक तो झाडातच हुडकायचा. सरळ लाकूड कापून बाक आणला तर तंतू तुटतात, आणि ढेकळाशी गाठ पडताच ते मोडते. उपजत बाकात तंतूही वळणाबरोबर वळलेले असतात. पेठेतल्या दुकानदाराने जे लाकूड नाक मुरडून परत पाठवले असते, त्याच्या जिवावर गावाची शेती चालत होती.

सरळपणाचे वेड आपल्याकडे फोफावले ते टेबल-खुर्चीबरोबर. आपल्या घरात होते काय? पाट, चौरंग, पाळणा, फडताळ. खुर्ची हा शब्द अरबी, मेज फारसी आणि टेबल इंग्रजी. आपण आपल्या आपण जमिनीपासून किती उंच बसलो असतो, ते यावरून कळते. टेबलाला लांब, सपाट, बिनगाठीची फळी लागते आणि ती दाट रानातला साग देतो. दाटीत वाढणारे झाड उजेडासाठी वर धावते. खालच्या फांद्या सावलीत वाळून लवकर गळतात. बांधावर एकटे वाढलेले झाड मात्र चहूकडे हात पसरते, म्हणून त्याच्या अंगात गाठी. एकेकट्या वाढलेल्या माणसांचाही असाच अनुभव येतो.

कोल्हापुरात गाठीला आणखी एक शत्रू भेटला, तो म्हणजे फौंड्री. ओतकामासाठी आधी लाकडाचा पॅटर्न करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा काढायचा आणि त्यात लोखंड ओतायचे. पॅटर्नवरची गाठ उचलली गेली की ती वाळूत उमटते आणि वाळूतून लोखंडात. आमचे मेस्त्री उमेदीची वीस वर्षे उद्यमनगरात पॅटर्नच करत होते. "वीस वर्सं गाठ चुकवली," ते म्हणतात, "म्हणून तर तिची वळख झाली."

ही ओळख आमच्या कामी आली. राधानगरीकडच्या आमच्या घराची वाटणी झाली. जागा एकाकडे गेली, शेत दुसऱ्याकडे, आणि घर पाडताना अंगणातला जो फणस तोडला त्याचे खोड आमच्याकडे आले. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तपकिरी होत जाते. मेस्त्रींनी फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत दोन पावसाळे वाळवल्या. मग टेबल करायचे ठरले. सगळ्यांत रुंद फळीत ताटलीएवढी गाठ निघाली आणि तिच्यातून एक फट गेलेली.

"हा भाग कापून टाका हो," आमची ही म्हणाली. "लोक म्हणतील, दोन नंबरचा माल घेतला."

आई तिथेच बसली होती. तिने गाठीवर हात ठेवला. "ही झोपाळ्याची फांदी," ती म्हणाली. "विहिरीवर रहाट बसवला तेव्हा मामंजींनी तोडली."

त्या घराची आता कौले नाहीत, जोते नाही, विहीरही बुजवलेली. जमिनीच्या उताऱ्यावर झोपाळ्याची नोंद नसते. मेस्त्रींनी गाठीच्या कडेने अंगठा दाबत नेला, कडे कुठे सुटले आहे ते पाहिले आणि म्हणाले, "मधी जिती हाय. पायाला आन् चौकटीला साफ लाकूड घालतो. ताण येतोय तिथं गाठ चालत न्हाई. वर ऱ्हाऊ दे तिला." आणि फटीवर त्यांनी शिसवाचा एक काळा डमरू आडवा बसवला. दोन्हीकडे रुंद, मध्ये निमुळता. फट त्याला ओलांडून पुढे सरकत नाही.

अगदी असेच डमरू जॉर्ज नाकाशिमा अमेरिकेत बसवत असे. जपानी वंशाचा हा वास्तुविशारद १९३० च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात 'गोलकोंड' या वसतिगृहाच्या बांधकामावर होता. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने त्याला बायको आणि तान्ह्या मुलीसह छावणीत ठेवले. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली तो उरल्यासुरल्या लाकडावर काम शिकला. पुढे गाठी आणि फटी तशाच ठेवलेली त्याची टेबले जगभर गाजली. १९६४ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन गेला. आमच्या मेस्त्रींना हे मी सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "डमरूला सरस लावत हुता का फेव्हिकॉल?"

परवा एका नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्ये मेस्त्री दार बसवायला आले होते. तिथल्या जेवणाच्या टेबलावर सनमाईका होती, आणि तिच्यावर छापलेल्या सुंदर गाठी. नीट पाहिले तर दर दोन हातांवर तीच गाठ, त्याच बाकाने, पुन्हा हजर. मेस्त्रींचा अंगठा सवयीने तिच्यावर गेला. त्यांनी दाबून पाहिली, हात मागे घेतला आणि हळूच मला म्हणाले, "ही जिती बी न्हाई आन् मेलेली बी न्हाई."