बिदरचे हबशी : रंग वेगळा, बाजू दख्खनी

सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो. त्याच्या कितीतरी आधी बहमनी राजधानी बिदरमध्ये हबशी सरदार आणि गुलाम वावरत होते. काळा वर्ण, कुरळे केस. गर्दीत लपता येऊ नये असे त्यांचे वेगळेपण. आफ्रिकेतून पोरवयात विकून आणलेल्यांची ओळख त्या रूपानेच कायमची ठरली असेल, असे वाटणे साहजिक आहे. बिदरचा इतिहास वेगळे सांगतो. 15व्या शतकात दरबारात दोन तट पडले होते : इराण-तुराणातून आलेले आफाकी आणि इथे रुजलेले दख्खनी. हबशीही समुद्रापलीकडचेच, तरी ते दख्खनींच्या बाजूला गेले. 1487 मध्ये बहमनी सुलतान महमूद शाहाच्या राजवाड्यावर चालून गेलेल्यांत दख्खनी आणि हबशी एकत्र होते. आफाकींना इराणी नातीगोती आणि फारसीचा डौल होता. हबशी पोराला ना कुळ उरले होते, ना परतायला गाव. तो इथल्या वाड्यात वाढला, त्याचा संसार इथेच झाला, मुलेही इथलीच झाली.

यावर कोणी म्हणेल, गोऱ्या आफाकींनी काळ्या रंगाची हेटाळणी केली म्हणून हबशी तिकडे ढकलले गेले. हेटाळणी झालीच असणार. पण तिने ते कोणापासून दूर गेले एवढेच कळते. दख्खनींनी त्यांना जवळ का केले, ते कळत नाही. शिवाय कोणाचे रूप वेगळे, हे पाहणाऱ्यावर ठरते. 1470च्या सुमारास बिदरकडे निघालेल्या रशियन व्यापारी निकितिनला चौलमध्ये लोक गोरा माणूस म्हणून कुतूहलाने पाहायला जमत. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : गुलामाला निवड कसली? खरेच, पुष्कळांची नावेसुद्धा मालकांनीच ठेवलेली. तरी गुलबर्ग्याच्या हबशी दस्तूर दीनारने 1495च्या सुमारास बिदरविरुद्ध बंड केले आणि 1657 मध्ये सिद्दी मर्जानने आदिलशाहीसाठी बिदरचा किल्ला औरंगजेबाविरुद्ध लढवला. हे मोजके वर चढलेले होते. सामान्य हबशींच्या फारशा नोंदी नाहीत, म्हणून या मोजक्यांची कहाणी सर्वांच्या माथी मारता येत नाही. पण बिदरच्या हबशी कोटाच्या टेकडीवर हबशींची थडगी आहेत, आणि टेकडीला आजही त्यांचेच नाव आहे. दख्खनी होण्यासाठी त्यांना हबशीपण पुसावे लागले नाही. रूपाने माणूस ओळखू येतो. तो कोणाचा, हे त्याच्या संगतीने आणि बाजूने ठरते.