भंडाऱ्याचे तीन मतदार

निवडणुकीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दोनच माणसांची नोंद ठेवतो. एक जिंकलेल्याची आणि दुसरी हरलेल्याची. मतदाराची नोंद होते ती आकड्यात. त्या आकड्यात त्याचे नाव बुडून जाते, आणि कायद्यालाही तेच अभिप्रेत असते, कारण मत गुप्त राहावयाचे असते. परंतु क्वचित प्रसंगी आकड्यात बुडालेला हा मनुष्य डोके वर काढतो आणि विचारतो, "माझे मत मोजले खरे, पण ज्या निवडणुकीत ते मोजले, ती निवडणूक कायद्याप्रमाणे झाली काय?" असा प्रश्न विचारणारे तीन मतदार आपल्याच मुलखात होऊन गेले. त्यांच्या प्रश्नामुळे एक संपूर्ण निवडणूक रद्द झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अखेरच्या निवडणूक-लढ्याला या भागातच मैदान मिळाले. ही हकीकत सौंदडच्या परिसरात तरी विस्मरणात जाऊ नये, म्हणून ती आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम काळ आणि स्थळ ध्यानात घेऊ. सौंदड आज गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात आहे. परंतु गोंदिया जिल्हा निर्माण झाला तो १ मे १९९९ रोजी. १९५१ साली हे गाव भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहशिलीत होते. भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता. आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. धान, तळी, तेंदूपाने आणि विड्या यांवर जगणारा हा प्रदेश. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. काल ज्याला मालगुजाराच्या वाड्यासमोर उभे राहावे लागत होते, त्याच्या हाती आज मतपत्रिका आली. १९३५ च्या कायद्याखाली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे ३ कोटी. आता ते १७ कोटींवर गेले. राजा आणि रंक यांच्या मताचे वजन एकच झाले. एवढी मोठी क्रांती एवढ्या शांतपणे झालेली इतिहासात फारशी आढळावयाची नाही.

मतदानाची तऱ्हाही आजच्याहून वेगळी होती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नव्हती की चिन्हे नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. कोठे बैलजोडी, कोठे झाड, कोठे हत्ती. मतदाराने पडद्याआड जावे आणि आपल्याला पसंत असलेल्या पेटीत कागद टाकावा. भंडारा मतदारसंघात तर मतदाराच्या हाती असे दोन कागद येत. कारण हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. साऱ्या देशात त्या निवडणुकीत असे ८६ द्विसदस्य मतदारसंघ होते. प्रत्येक मतदाराला दोन मते, परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर त्यांतील एक बाद ठरे. शिवाय राखीव जागेचा उमेदवारही सर्व जातींच्या मतदारांनी मिळून निवडावयाचा होता. १९३२ च्या पुणे कराराने स्वीकारलेल्या संयुक्त मतदारसंघाचे तत्त्व असे सौंदडच्या मतदारापर्यंत येऊन पोहोचले होते.

१५ नोव्हेंबर १९५१ ही उमेदवारी अर्ज देण्याची अखेरची तारीख होती. राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत गंगाराम थवरे होते. त्यांच्या अर्जाला हरकत घेण्यात आली. ते जन्माने महार, परंतु महानुभाव पंथात गेलेले. श्रीचक्रधरांचा हा पंथ जातिभेद मानीत नाही; मग पंथात गेलेला मनुष्य महार राहिलाच कोठे, असा हरकतदारांचा मुद्दा होता. तो मान्य झाला आणि थवरे यांचा अर्ज फेटाळला गेला. पुढे मतदान झाले. काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी सर्वसाधारण जागेवर आणि तुळाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले. १४ फेब्रुवारी १९५२ रोजी निकाल जाहीर झाला. गुलाल उधळला की निवडणूक संपली, असे आपण समजतो. येथे मात्र ती खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू झाली.

आपल्या राज्यघटनेने निवडणुकीविषयीच्या तक्रारीला एक विशिष्ट वाट आखून दिली आहे. निवडणूक चालू असताना कोर्टाने मध्ये पडावयाचे नाही. अर्ज चुकीने फेटाळला तरी निकाल लागेपर्यंत थांबावयाचे, आणि मग निवडणूक-अर्जाच्या द्वारे दाद मागावयाची. सर्वोच्च न्यायालयाने पोन्नुस्वामींच्या खटल्यात जानेवारी १९५२ मध्ये हेच सांगितले. हा निवडणूक-अर्ज कोणी करावा? हरलेल्या उमेदवाराने, हे ओघानेच आले. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने आणखी एका माणसाला हा अधिकार दिला, आणि तो म्हणजे त्या मतदारसंघातील कोणताही मतदार. खर्चाची हमी म्हणून १,००० रुपये अनामत ठेवावी लागे. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. विड्या वळणाऱ्या कुटुंबाला ती स्वप्नातही दिसावयाची नाही. अधिकार सर्वांना आणि अनामत मोजक्यांना परवडणारी, हे त्या कायद्यातील वैगुण्य नमूद केलेच पाहिजे. तथापि अधिकार होता, आणि भंडाऱ्याच्या तीन मतदारांनी तो वापरला. ते उमेदवार नव्हते. न्यायासनापुढे ते उभे राहिले ते कोणत्या पक्षाच्या नावाने नव्हे, तर मतदार या एकाच नात्याने.

त्यांच्या अर्जात अनेक मुद्दे होते. त्यांतील दोन महत्त्वाचे. पहिला मुद्दा जसाणींविषयीचा. गोंदियाच्या विडी-धंद्यात प्रसिद्ध असलेल्या मूलजी सिक्का आणि कंपनीचे ते भागीदार होते, आणि ही कंपनी लष्कराच्या कॅन्टीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवीत होती. सरकारशी मालाच्या पुरवठ्याचा करार ज्याच्या हिताचा आहे, त्याने संसदेत बसू नये, असा कायद्याच्या ७व्या कलमाचा दंडक होता. कारण सरळ आहे. ज्याने सरकारच्या खर्चावर नजर ठेवावयाची, तोच सरकारकडून पैसे घेणारा असेल तर त्याची नजर अधू होते. प्रश्न विडीच्या प्रतीचा नव्हता, भावाचाही नव्हता; एका माणसाच्या दोन नात्यांचा होता. दुसरा मुद्दा थवरे यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचा.

निवडणूक न्यायाधिकरणातील तीन सदस्यांपैकी दोघांनी मतदारांच्या बाजूने कौल दिला आणि सारी निवडणूक रद्द ठरविली. विजयी उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते पूर्वीचे मुख्य न्यायाधीश; या मुलखाची माहिती त्यांना होती. जसाणींच्या बाजूने असे सांगण्यात आले की, राज्यघटनेच्या २९९व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींच्या नावे रीतसर करारपत्र झालेलेच नाही, म्हणून करारच अस्तित्वात नाही. न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही. कागदाची औपचारिकता सरकारच्या रक्षणासाठी आहे. ती नसली म्हणून प्रत्यक्ष चाललेला व्यवहार नाहीसा होत नाही, आणि हितसंबंधही नाहीसा होत नाही. थवरे यांच्याविषयी न्यायालयाने म्हटले की, पंथ बदलला एवढ्याने जात सुटत नाही. माणसाचा स्वतःचा हेतू काय, जुन्या जातीने त्याला टाकले की सामावून ठेवले, आणि नव्या पंथाचे नियम काय, हे पाहिले पाहिजे. थवरे स्वतःला महार म्हणवीत होते आणि जातीनेही त्यांना दूर लोटले नव्हते. म्हणून त्यांची उमेदवारी वैध होती. अशा रीतीने दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो, आणि त्याच्या शीर्षकात विजयी उमेदवाराच्या नावासमोर प्रतिवादी म्हणून एका साध्या मतदाराचे नाव आहे.

मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. आणि आता या हकीकतीचा अधिक कठीण भाग येतो. राखीव जागेसाठी स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले; त्यांच्या जोडीला सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. या दोघांना मुंबईचा कटू अनुभव होता. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात दोघेही पराभूत झाले होते. काजरोळकरांनी आंबेडकरांना सुमारे १४,००० मतांनी मागे टाकले, आणि त्या निवडणुकीत ७४,००० हून अधिक मते बाद ठरली होती. दुसरे मत मुद्दाम वाया घालवा, असा प्रचार झाल्याची दोघांची तक्रार होती. भंडाऱ्यातही हाच मोह समोर आला. आपले दुसरे मत कोणालाच न देता बाद होऊ दिले तर आपला उमेदवार वर येईल, असे गणित काही कार्यकर्ते मांडत होते. बाबासाहेबांनी त्याला संमती दिली नाही, असे त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून सांगितले जाते. ज्याने राज्यघटनेच्या मसुद्याचे काम केले, त्याने मत नासविण्यास कसे सांगावे?

निकाल काय लागला? अशोक मेहता निवडून आले; आंबेडकर पडले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी विजयी झाले. या निकालाचे गणित प्रत्येकाने स्वतःशी मांडून पाहावे. मेहता आणि आंबेडकर एकाच आघाडीचे. मतदारांनी दोन्ही मते जोडीने दिली असती तर दोघांची मते सारखी पडली असती. ती पडली नाहीत. म्हणजे कित्येकांनी जोडी मोडली. मेहतांच्या पेटीत ज्यांचा पहिला कागद पडला, त्यांतील काहींचा दुसरा कागद आंबेडकरांच्या पेटीपर्यंत पोहोचला नाही. ते कोण, हे मतपेटी सांगत नाही, आणि सांगूही नये. परंतु आपल्याला एवढे कळते की, पक्षाचा शिक्का झुगारला म्हणून जातीचा शिक्का आपोआप पुसला जात नाही.

अपक्ष उमेदवार हा शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातो. अपक्ष मतदार हा शब्द मात्र रूढ नाही, आणि तो रूढ व्हावा असे मला वाटते. बहुतेकांची समजूत अशी की, जो कोणाचाच नाही त्याने प्रचारात पडू नये. घरी बसावे, मत द्यावे आणि गप्प राहावे. भंडाऱ्याची हकीकत याच्या उलट सांगते. उमेदवाराच्या अर्जाची छाननी, त्याचे व्यवहार, मतदारयादी, मोजणी ही सारी निवडणुकीचीच अंगे आहेत. पक्षाचा कार्यकर्ता त्यांत दुसऱ्या पक्षाचे दोष शोधतो आणि आपल्या पक्षाचे झाकतो. दोन्हींकडे सारख्या नजरेने पाहावयास मोकळा असतो तो पक्षाबाहेरचा मतदारच. मात्र ही मोकळीक फुकट मिळत नाही. त्यासाठी कायदा वाचावा लागतो, कागद जमवावे लागतात, शेजाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो, आणि दोन दोन वर्षे धीर धरावा लागतो. आणि एवढे करूनही निकाल आपल्या मनासारखा लागेल याची शाश्वती नसते. त्या तिघांनी निवडणूक रद्द करविली. पुढची कोणी जिंकावी हे त्यांच्या हाती नव्हते. दार उघडणे एवढेच त्यांचे काम. उघडलेल्या दारातून बाबासाहेब आले, आणि मतदारांनी त्यांना परत पाठविले.

त्यानंतर पुष्कळ बदलले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. पेट्यांवरची चिन्हे मतपत्रिकेवर आली, आणि पुढे यंत्रावर. निवडणूक न्यायाधिकरणे १९६६ साली बंद होऊन ते काम उच्च न्यायालयांकडे गेले. सरकारी कंत्राटाविषयीचा दंडक बदलत बदलत आता ९-अ या कलमात आहे. परंतु कायद्याचे ८१ वे कलम अजून तेच सांगते की, निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उमेदवार किंवा कोणताही मतदार निवडणूक-अर्ज करू शकतो.

सौंदडच्या मतदाराचे नाव आज भंडारा-गोंदिया मतदारसंघाच्या यादीत आहे. बोटावरची शाई सर्वांना दिसते; या ४५ दिवसांतील त्याचा अधिकार मात्र दिसत नाही. तो त्याने नित्य वापरावा असे नाही. तो आपल्याजवळ आहे, हे त्याला ठाऊक असावे, आणि तो वापरण्याचा प्रसंग आला तर उमेदवार आपल्या जातीचा की परका, हा विचार त्याने बाजूला ठेवावा, एवढेच मागणे आहे.